तिथीच्या दिवशी चाखलेलं सांबार

अप्पा,

मी जाऊन आले. चर्चच्या लोकांबरोबर, विमानात बसून, समुद्रापलीकडे, आणि तेही नेमकी तुमची तिथी असलेल्या श्रावणात. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. तुमच्या रागाला मी लहानपणी पुरेशी भ्यायले, आता साठी ओलांडल्यावर पुन्हा भ्यायचं म्हटलं तरी जमायचं नाही. आणि हो, हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. पुण्यात संसार झाला, तिथं आपल्या घरच्या तंजावरी बोलण्याला लोक हसायचे, म्हणून ही शिकले. तुम्ही हिला नाक मुरडायचात. मुरडा.

जायचं कारण अक्का. क्वार्टर्समध्ये आपल्या शेजारच्या दारात राहायच्या त्या तिरुनेलवेलीच्या अक्का, ज्यांचे यजमान तुमच्याच फॅक्टरीत होते. तुम्ही दोघं रिटायर झालात आणि इथं चेन्नईबाहेर आवडी गावातच एका गल्लीत घरं बांधलीत, मधे फक्त कंपाउंडची भिंत. त्या घरात आता मी राहते आणि भिंतीपलीकडे अक्का एकट्या. त्यांच्या चर्चचा एक गट दरवर्षी श्रीलंकेतल्या एका चहाच्या मळ्यावर आठ-दहा दिवस जातो, मुलांचं शिबिर घेतो, शाळेची डागडुजी करतो, आणि सगळ्यांचा स्वैपाक अक्का बघतात. या वर्षी त्या भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "गुडघ्यांनी जवाब दिला ग. पातेलं उतरवता येत नाही. तू येतेस का बरोबर? नाहीतर मी नाही म्हणून सांगते. यंदा राहिलं तर पुन्हा काही माझं जाणं होत नाही." मी विचारलं, मी तुमच्या चर्चची नाही, चालेल का? त्या म्हणाल्या, "सांबाराला काय कळतंय?"

हो म्हणून घरात आले आणि पंचांग काढलं. श्रावण वद्य पंचमी बरोबर मधे येत होती. तुमच्या पुतण्याला फोन केला. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून तुमचं श्राद्ध तोच करतो, वेस्ट मांबलमच्या त्याच्या फ्लॅटवर. मी आदल्या दिवशी जाते, ओल्या साडीनं सगळा स्वैपाक करते आणि वाढायची वेळ झाली की दाराआड उभी राहते, ते तुम्हाला वरून दिसत असेलच. म्हटलं, यंदा स्वैपाकाला कुणी बाई बघ. त्यानं आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "अप्पांची तिथी सोडून चर्चवाल्यांबरोबर जातेस? सरी, ठीक आहे. जा. पण मग पुढं माझ्याकडं येऊ नकोस. पिंड मी नाही द्यायचा." मी म्हटलं, मग मी देईन. "बाईमाणसानं?" असं म्हणून तो हसला आणि त्यानं फोन ठेवला. त्या हसण्यानं मला जितका राग आला तितका त्याच्या धमकीनं नाही आला. इतकी वर्षं तुमच्यासाठी चुलीपुढं मी घामाघूम व्हायचं आणि तुमचं कोण म्हणून विचारलं तर बोट त्याच्याकडं. तरी खोटं बोलत नाही, तो फोन ठेवल्यावर मी पंचांग पुन्हा उघडून बसले. तुमच्या नावानं वर्षातून एकदा पान मांडलं जातं, ते माझ्यामुळं बंद पडणार होतं. मी तरीही बॅग भरली.

बॅगेत तुमची पळी घेतली. लांब दांड्याची, पितळेची. माझ्या लग्नात सासरच्यांनी काय दिलं नि तुम्ही काय दिलंत यातलं आता काही आठवत नाही, ती पळी आठवते. आई गेल्यावर तिच्या श्राद्धाचा स्वैपाक तुम्ही स्वतः करायचात, तेव्हा वापरायची पळी. देताना म्हणालात, "हिनं कधी कुणाचं तोंड बघितलेलं नाही. तशीच ठेव." आई नाही म्हणून मला स्वैपाक तुम्हीच शिकवलात आणि शिकवणीचा पहिला नियम तोच होता. चाखायचं नाही. तोंडाला लागलं की एच्चल झालं, उष्टं झालं, मग ते ना देवाला ना पितरांना. मीठ वासावरून कळतं म्हणायचात. उकळीवर नाक धरून तुम्ही डोळे मिटायचात आणि मी तुमच्याकडं बघत बसायची. मला वासावरून मीठ कधीच कळलं नाही, अप्पा. मी फक्त डोळे मिटायला शिकले. विमानतळावर मशीनमध्ये पळी दिसल्यावर तिथल्या बाईनं विचारलं हे काय, तर अक्का पुढं होऊन म्हणाल्या, "तिचे वडील आहेत." मला हसू आवरेना.

तासाभराचं विमान आणि मग दिवसभर व्हॅन. वर डोंगरात गारठा, जिकडं तिकडं चहा, आणि मळ्यात काम करणाऱ्यांची एकमेकींना चिकटलेल्या खोल्यांची रांग. तिथलं बोलणं तमिळच, पण थोडं वेगळ्या चालीचं. आपली मराठी पुण्याला वाटते तशी त्यांची तमिळ आमच्या गटातल्या पोरांना वाटत होती आणि ती पोरं हळूच हसत होती. पोरं तशी गुणी. बरीचशी शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली, सुट्ट्या जोडून आलेली, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी शाळेची पुढची भिंत खरवडून रंगवायला घेतली, गाणी म्हणत, फोटो काढत. मी भांडी धुवायच्या नळावर होते. तिथं मळ्यातली एक बाई, पानं खुडून आलेली, टोपली टेकवून बघत उभी होती. मला म्हणाली, "अम्मा, ही भिंत मागच्या वर्षी पिवळी केली होती. त्याच्या आधीच्या वर्षी दुसरे लोक आले होते, त्यांनी हिरवी केली. भिंतीला पुष्कळ झालं." मी विचारलं, मग काय हवं तुम्हाला? ती म्हणाली, "आम्ही काय सांगणार? तुम्ही द्यायला आलात." आणि टोपली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी तीच बाई केळीच्या पानात रोट्या घेऊन आली. ओल्या नारळाच्या जाड रोट्या आणि लाल चटणी, सगळ्या गटाला पुरतील इतक्या. तिनं पहाटे उठून केल्या असणार. गटाच्या पुढाऱ्यानं, तो तरुण पास्टर, मोठ्या अदबीनं हात जोडले आणि सांगितलं की आमचा नियम आहे, बाहेरचं खायचं नाही, पोटं बिघडतात, आमच्या स्वैपाकघरातलंच खातो. तो हसून, अगदी गोड बोलला. आणि अप्पा, मला त्याच्या जागी तुम्ही दिसलात. आयुधपूजेच्या दिवशी फॅक्टरीत घरच्यांना आत सोडायचे, आठवतं? तुम्ही तुमच्या टेबलाला चंदन-कुंकू लावून चुरमुरे-फुटाण्यांची पुडी सगळ्यांना वाटायचात, अक्कांच्या यजमानांना तर ओंजळभर. आणि त्यांनी डबा उघडून काही पुढं केलं की असंच हात जोडून, असंच गोड हसून, "नको, आज उपास आहे." तुमचा वर्षभर कसला ना कसला उपास असायचाच. द्यायला तुमचा हात पुढं, घ्यायची वेळ आली की तो पाठीमागं. त्या बाईचा चेहरा बघून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी पाट ओढला, तिच्यासमोर बसले आणि एका पाठोपाठ एक रोट्या खाल्ल्या. चटणीनं डोळ्यांतून पाणी आलं तरी खाल्ल्या. अक्काही खुर्ची ओढून बसल्या. पास्टर म्हणाला, "आंटी, तुम्ही मोठ्या आहात म्हणून..." मी म्हटलं, पोट माझं आहे. मग एकेक करून पोरं पण आली. त्यालाही शेवटी घ्यावी लागली. तसा तो वाईट नाही, त्यानं नंतर विचारलं की आंटी, रविवारी चार शब्द बोलाल का, प्रभूनं तुम्हाला इथं कसं आणलं त्यावर. मी त्याला म्हटलं, मला अक्कांनी आणलं. माझे देव घरी आहेत, त्यांच्याशी माझं नीट चाललंय. त्यालाही मी भ्यायले नाही, हे तुमच्या माहितीसाठी.

रोट्या खाताना मला तो नळ आठवत होता. तुम्हाला आठवतो का, की सोयीनं विसरलात? मी दहाएक वर्षांची. नाताळ होता. अक्का तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या, आणि त्यांच्या स्वैपाकघरात ओट्यावर बसवून त्यांनी मला केक दिला आणि फुलासारखे दिसणारे ते अच्चू मुरुक्कू. माझ्या आयुष्यात तोवर कुणी मला ओट्यावर बसवलं नव्हतं. तुम्ही सायकल लावत होतात, मी तोंड न पुसताच धावत आले. "कोठं होतीस? काय खाल्लीस?" मी सांगितलं. "अंडं असतं त्याच्यांत. आणि त्यांच्या चुलीवरचं." बस, एवढंच. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. दंडाला धरून मला क्वार्टर्सच्या मधल्या नळाखाली उभं केलंत, अंगातल्या कपड्यांसकट, मार्गळी महिन्याच्या थंडीत, सगळ्या खिडक्या उघड्या असताना. अक्का त्यांच्या दारात ताटली घेऊन उभ्या होत्या. तुम्ही त्यांच्याकडं बघितलं नाहीत. मी बघितलं. त्या ताटलीत तुमच्यासाठी काढून ठेवलेलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. मला शिक्षा झाली त्याचं दुःख नाही हो, मुलांना शिक्षा होतात. तुम्ही त्यांना माझ्या अंगावरून धुऊन टाकलंत, आणि ते त्यांच्यासमोर, हे मी कधी विसरले नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला पुन्हा हाक मारली. मी जात राहिले, तोंड नीट पुसून येत राहिले.

तर पंचमी. मी ठरवलं होतं की त्या दिवशी तिथीबिथी काही आठवायची नाही. शिबिराचा मोठा दिवस, आजूबाजूच्या मळ्यांवरचीही मुलं येणार, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन चुली. मी मुद्दाम सांबारात गाजर घातलं, कोबी घातला, तुमच्या लेखी ज्या विलायती भाज्या, श्राद्धाला ज्या आसपासही नकोत. कांदे तर टोपलीभर चिरले. मनात म्हणत होते, बघा, हे बघा. सांबाराला उकळी आली. तिथलं मीठ खड्याचं, पातेलं माझ्या कमरेएवढं, मी अंदाजानं ओंजळी टाकल्या आणि तुमच्या पळीनं ढवळलं. बाहेर मुलं ताटल्या वाजवायला लागली होती. अक्का स्टुलावर बसून होत्या. "उप्पु पारु," त्या म्हणाल्या. मीठ बघ. मी पळी भरून घेतली आणि हात तिथंच थांबला. कितीही जोर केला तरी तोंडाकडं येईना. मी नाक पुढं केलं, डोळे मिटले. काहीच कळलं नाही. "चाखून बघ ना," अक्का म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आज नको अक्का. आज अप्पांची तिथी आहे." एवढ्या लांब तुमच्याशी भांडायला आले आणि माझाच हात तुमच्या बाजूला गेला. मला रडू यायला लागलं, रागानं.

अक्कांनी स्टूल पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "तुझ्या अप्पांना कावीळ झाली होती, तू पुण्याला होतीस, आठवतं?" आठवत होतं. तुम्ही फोनवर सांगितलं होतंत की मी माझं करून खातो, काळजी नको. अक्का म्हणाल्या, "कसलं करून खातात! उभं राहवत नव्हतं. त्यांनीच भिंतीवरून हाक मारली मला. रोज पातळ भाताची कंजी नेत होते मी. पहिल्या दिवशी न बोलता प्यायले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मीठ कमी आहे. मी मीठ आणलं, घातलं, माझ्याच चमच्यानं त्यांच्यासमोर चाखलं, आणि तोच वाडगा त्यांच्या हातात दिला." मी विचारलं, आणि? "आणि काय? प्यायले. म्हणाले, आता बरोबर झालं. निघताना म्हणाले, मुलीला सांगू नका. नाही सांगितलं इतकी वर्षं. आज पोरं ताटल्या घेऊन बसलीत म्हणून सांगितलं."

मी त्या शेडमध्ये उभी होते आणि मला काय काय झालं ते सांगते. आधी पित्त खवळलं. मला नळाखाली उभं केलंत आणि स्वतः वाडगा तोंडाला लावलात! मग हसू आलं, की तुम्हाला वासावरून मीठ कळत होतं ना, मग कंजी प्यायल्यावर कसं कळलं कमी आहे ते? आणि मग वाईट वाटलं, फार वाटलं, की तुम्ही ते एकदा मला सांगायचं होतंत. फोनवर, एका वाक्यात. अक्काच्या हातचं खाल्लं, एवढंच. माझ्या अंगावरचं ते पाणी त्या दिवशी वाळलं असतं. तुम्ही ते स्वतःपाशी ठेवून गेलात आणि मी तुमच्या मागं दरवर्षी डोळे मिटून, न चाखता, तुम्हाला जेवू घालत राहिले. श्राद्धाचं जेवण. त्यात कुणी बरंवाईट बोलायचं नसतं, तृप्त झालात का विचारलं की झालो म्हणायचं असतं. मीठ होतं की नव्हतं ते मला कोण सांगणार होतं?

मी पळी भरली. थोडं तळहातावर ओतलं, भाजलं तरी ओतलं, आणि चाखलं. तिथीच्या दिवशी, तुमच्या पळीनं, कांदा घातलेलं, चर्चच्या शेडमध्ये. मीठ कमी होतं, अप्पा. चांगलं कमी होतं. मी आणखी दोन ओंजळी घातल्या, पुन्हा चाखलं, आणि मग पातेलं उतरवायला पोरांना हाक मारली. मुलं जेवली. त्या रोट्यावाल्या बाईला मी आग्रहानं बसवलं. दुसऱ्यांदा वाढताना ती म्हणाली, आज जेवण चांगलं झालंय. श्राद्धाला कुणी असं म्हणत नाही. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी तिला तिसऱ्यांदा वाढलं.

परत आले तर तुमच्या पुतण्यानं शब्द पाळला होता. त्यानं यंदा काही केलं नाही, माझा फोनही उचलत नाही. तेव्हा पुढच्या पंचमीचं मी ठरवलंय. तुमच्याच घरात, आवडीला, मी करणार. गुरुजी आले तर आले, बाईनं पिंड द्यायचा म्हटल्यावर नाही आले तर मला येतं तेवढं मी म्हणेन. पान अक्कांचं मांडणार. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मी चर्चची बाई, तुझ्या अप्पांच्या तिथीला पानावर बसू?" मी म्हटलं, त्यांना तुमच्या हातचं चालत होतं, आता माझ्या हातचं तुम्हाला चालवून घ्या. "मीठ नीट घाल म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. चाखून घालणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर या, वाढलेलं असेल. नसेल यायचं तर तुमचा उपास आहे असं मी समजेन.

हे कुठं धाडायचं म्हणून लिहिलेलं नाही. पत्ता असता तरी धाडलं नसतं, तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतंत. हे अक्कांनाही दाखवणार नाही, कारण त्यांना सगळं सांगितलंय, एक सोडून. त्या शेडमध्ये चाखताना मी चुलीकडं पाठ केली आणि तोंड भिंतीकडं वळवलं. अक्कांना वाटलं, धूर लागला. धूर नव्हता लागला, अप्पा. तुम्हाला दिसू नये म्हणून.